जवाईबापूंचा डोंगर

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात बोरकुटे सरांना सगळी पोरं घाबरायची, आणि सगळ्यांत भरलेला वर्ग त्यांचाच असायचा. ज्यानं त्यांचा तास ऐकला नाही त्याला हे सांगून पटणार नाही. आज कोणाचा नंबर लागतो ते बघायला पोरं यायची, आणि आपला लागला नाही म्हणून खुशीत घरी जायची. सर अर्थशास्त्र शिकवायचे, मी मराठी. आमचे वर्ग शेजारी होते आणि मधली भिंत पातळ होती. माझ्या वर्गात करुणरस चालू असताना पलीकडून हशा यायचा. मग माझी पोरंही काय झालं असेल याचा अंदाज करत कान टवकारून बसायची. मला सर ‘कवितावाल्या बाई’ म्हणायचे. ते कौतुकानं नाही, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं.

बुटका, रुंद माणूस. डोक्याला भरपूर तेल. अंगात रोज पांढरा शर्ट, आणि तोही चंद्रपुरात. आमच्या गावात कोळशाची धूळ इतकी, की कपडे वाळत घालताना दोरी आधी पुसावी लागते. कपडे काढले की ते झटकायचे, आणि गच्चीवर अनवाणी गेलेलं लेकरू काळे तळवे घेऊन खाली येतं. इथं जन्मलेल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही. सरांच्या बायकोला, शकुंतलाबाईंना, मात्र ते पांढरे शर्ट घरातल्या घरात, पंख्याखाली वाळवावे लागायचे. दुपारपर्यंत कॉलर काळी व्हायची. सर ती वर्गात उलटी करून दाखवायचे. “हे पहा. याले उत्पादन म्हंतेत. कॉलर पांढरी असन तर समजायचं का देश झोपून हाये.”

त्यांची भाषा ही अशी. एम.ए.ला पहिले आले होते, इंग्रजी पुस्तकं वाचायचे, प्राचार्यांशी प्रमाण मराठीत बोलायचे. पण वर्गात उभे राहिले की नागभीडची बोली. पोरांना वाटायचं, सर आपले आहेत. या आपलेपणाचा उपयोग ते पोरांच्या वर्मावर नेमका घाव घालायला करायचे.

त्यांचा सगळ्यांत गाजलेला धडा म्हणजे डोंगर. खडू न उचलता ते फळ्यावर एक उलटी कढई काढायचे. डावीकडून चढ, मधे माथा, उजवीकडून उतार. खाली लिहायचे ‘उत्पन्न’, बाजूला लिहायचे ‘घाण’. देश गरीब असतो तेव्हा हवा-पाणी स्वच्छ असतं. कारखाने आले, खाणी आल्या की घाण वाढत जाते. मग एक वेळ अशी येते की लोकांच्या खिशात पैसा खुळखुळतो, पोट भरलेलं असतं, आणि मग त्यांना स्वच्छ हवा हवीशी वाटते. ती विकत घ्यायची ऐपतही आलेली असते. तिथून घाण उतरू लागते. मोठमोठ्या देशांचं असंच झालं, असं ते सांगायचे, आणि माथ्याच्या किंचित अलीकडे खडू इतक्या जोरात टेकवायचे की त्याचे दोन तुकडे व्हायचे. “इथी आपून. आपून अजून चढावर आहो.”

एका वर्षी मागच्या बाकावरचा एक नापास गडी उठला. म्हणाला, “सर, मागच्या वर्षी बी आपून इथीच होतो.”

सर वळलेसुद्धा नाहीत. “तू बी मागच्या वर्षी इथीच होता.”

भिंतीपलीकडे माझा वर्गही हसला. त्या पोरानं पुढं कॉलेज सोडलं आणि खाणीवर मातीचा डंपर चालवायला लागला. सर ते अभिमानानं सांगायचे. म्हणायचे, “एक तरी इद्यार्थी डोंगर रचून राह्यला.”

दुसरी त्यांची खोड टिळ्याची. कोणी पोरगी खोकत असेल, कोणी धुराबद्दल कुरकुर केली, कोणी गृहपाठात ‘प्रदूषण ही एक गंभीर समस्या आहे’ असं पाठ केलेलं वाक्य लिहिलं, की सर खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवायचे. ते काळंभोर बोट घेऊन त्या पोराच्या बाकाशी जायचे आणि कपाळावर उभा टिळा ओढायचे. “प्रगतीचा टिळा हाये. तास संपेपर्यंत पुसाचा नाई.” पोरं टिळा लावून बसायची. एका मुलीला दमा होता. तिला आठवड्यातून दोनदा तरी टिळा मिळायचा, कारण ती खोकल्याशिवाय राहू शकत नव्हती. तिची आई भेटायला आली तर सर तिला म्हणाले, “बाई, तुमच्या घरी लाईट कुठून येते? त्या लाईटीले सांगा का खोकू नको म्हनून.” बाई आल्या पावली परत गेली. पोरीनं विषय बदलून माझ्या वर्गात नाव घातलं.

मोहर्लीच्या जंगलाकडचा एक विद्यार्थी होता. त्याच्या काकाला मोहफुलं वेचताना वाघानं नेलं होतं, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. त्या वर्षी सरांनी पर्यावरणाचा धडा असा सुरू केला: “वाघ गरिबाले खाते आन श्रीमंत त्याचा फोटो काढते. म्हंजे वाघ तोच हाये, फरक आपल्या खिशात हाये. तुमी फोटोवाले व्हा.” मग त्या पोराकडे बघून म्हणाले, “पटते का नाई?” पोरगा म्हणाला, “पटते, सर.” मला याचा संताप आला होता. स्टाफरूममध्ये मी तो बोलूनही दाखवला. सर चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, “पन चूक काय बोललो ते सांगा, बाई.” आणि वाईट हे की मला ते सांगता आलं नाही.

तसं पाहिलं तर माणूस खोटारडा नव्हता. एकदा, एकदाच, ते आपल्या आईबद्दल बोलले होते. कॉलेजच्या आवारातली कडुलिंबाची झाडं पार्किंगसाठी तोडत होते आणि मी सह्या गोळा करत होते. सरांनी कागद बाजूला सारला. “माहं गाव पाह्यलं तुमी? भोवताल जंगल. हवा अशी का बाटलीत भरून विकावी. आन माही माय त्या हवेत बसून ओल्या लाकडाची चूल फुंके. खोकून खोकून गेली. शेवटी तिले डोळ्यानं दिसत नोहतं. आज माह्या घरी गॅस हाये, तो त्या झाडाइनं नाई आनला.” मग आवाज उतरवून म्हणाले, “तुमची शुद्ध हवा घाला चुलीत.” मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. त्यांच्या डोंगरामागे ही एक चूल होती, आणि म्हणून त्यांचा त्यावर जीव होता. तो डोंगर त्यांनी पुढे कुठं नेऊन लावला, ते आता सांगते.

शकुंतलाबाईंचं माहेर सावरटोला. चंद्रपूरहून गाडीनं तासाभराचा रस्ता. गावाला एक जुना तलाव आणि तलावावर पोट असलेली वीसेक घरं. जाळी टाकायची, मासळी बाजारात न्यायची, पाणी सुटलं की खाली धान लावायचं. त्यांचा धाकटा भाऊ वासुदेव त्यातलाच. शकुंतलाबाई माझ्या मैत्रीण होत्या. मासळी आली की डबा माझ्या घरी यायचा, आणि त्यातल्या प्रत्येक माशाचं नाव मला पाठ करावं लागायचं. नवऱ्यापुढं बाई फार बोलायच्या नाहीत, पण तलावाचा विषय निघाला की थांबायच्या नाहीत. त्या गावात त्यांचे वडील गेले, आई गेली, घराची वाटणी झाली. माहेर म्हणून त्यांच्याकडे उरला होता तो एवढा तलावच.

तलावाच्या वरच्या अंगाला कोळसा निघाला. खाण येणार म्हटल्यावर कायद्याप्रमाणे जनसुनावणी लागली. गाव राजी नव्हतं. तेव्हा कंपनीच्या कोणा हुशार माणसाला कळलं की अर्थशास्त्राचे प्राध्यापक बोरकुटे हे सावरटोल्याचे जावई आहेत. आमच्याकडं गावचा जावई म्हणजे एका घराचा जावई नसतो. सगळं गाव त्याला ‘जवाईबापू’ म्हणतं, त्याच्यापुढं म्हातारे बिडी लपवतात, आणि त्याचा शब्द खाली पडू देत नाहीत. सर हसत हसत तयार झाले. शकुंतलाबाई एवढंच म्हणाल्या, “माह्या गावाले खोटं नोका सांगू.” सर म्हणाले, “मी खोटं सांगतच नाई.”

त्या दिवशी बाईंच्या सोबतीला म्हणून मी गेले होते. मांडव, कूलर, साहेब, पोलीस. लोक जमिनीवर बसलेले. सर माइकसमोर उभे राहिले आणि फळा नव्हता म्हणून हातानं हवेत डोंगर काढला.

“माह्यावर भरोसा हाये ना? मंग आयका. विकास म्हंजे डोंगर हाये. आधी चढते. धूळ होईन, पानी गढूळ होईन, तरास होईन. मी नाई म्हनत नाई. पन डोंगर तसाच नाई राहात. माथा आला का मंग तो उतरते. सगळीकडे उतरला. इथी बी उतरन.”

वासुदेव उठून उभा राहिला. डोक्याचा दुपट्टा काढून हातात धरला होता. “जवाईबापू, डोंगर उतरन हे पक्कं?”

“पक्कं.”

“किती दिवसानं?”

“ते तुमच्या हाती हाये. जितकं लवकर चढू द्यान तितकं लवकर उतरन.”

लोक आपसात कुजबुजले. मग एका म्हाताऱ्यानं हात वर केला, मग बऱ्याच जणांनी. विरोधाची जी तयारी होती ती तिथंच विरघळली. साहेबलोकांनी सरांशी हस्तांदोलन केलं.

नंतर सर साहेबलोकांत थांबले आणि वासुदेवच्या घरी आमचा चहा झाला, तेव्हा मला आणि शकुंतलाबाईंना कळलं की गावानं काय ऐकलं होतं. शेजारच्या गावात खाण होती. कोळशावरची माती काढून ते बाहेर टाकतात, आणि तिचा भला मोठा ढीग होतो. आमच्याकडं सगळे त्या ढिगाला डोंगरच म्हणतात. सावरटोल्याला भीती होती ती त्या डोंगराची. तो आपल्या तलावावर येऊन बसेल म्हणून. जवाईबापूंनी शब्द दिला होता की डोंगर चढला तरी पुन्हा उतरेल. वासुदेव खुशीत होता. “म्हंजे कोळसा काढला का माती वापस खड्ड्यात टाकतीन. वावर सपाट करून देतीन. तलाव जसाचा तसा. आमाले एवढंच पाह्यजे होतं, बाई. बाकी धूळ-गिळ खाऊ आमी.”

शकुंतलाबाईंनी बशी खाली ठेवली; जवाईबापूंचा शब्द जवाईबापूंनीच फिरवायला हवा, तरच गाव मानणार होतं. परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी नवऱ्याला हे सांगितलं. सर आधी समजले नाहीत. समजल्यावर हसायला लागले. हसता हसता खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं.

“गाडी वापस घ्या,” बाई म्हणाल्या. “त्याइले नीट सांगून या.”

“काय सांगू? का तुमाले समजलं नाई म्हनून?”

“हाव. तेच सांगा.”

“वर्गात पास झालेल्या पोराचा पेपर मी वापस तपासत नाई.” सरांनी डोळे पुसले. “हो म्हनले ना ते? झालं मंग.”

बाईंनी ड्रायव्हरला स्वतः सांगून पाहिलं. गाडी कंपनीची होती. ड्रायव्हरनं सरांकडं बघितलं, सरांनी पुढं बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो किस्सा स्टाफरूममध्ये सांगितला, वासुदेवच्या आवाजात, दुपट्टा हातात धरल्याचा अभिनय करून. स्टाफरूम हसली. फार छान नक्कल करायचे ते.

डोंगर चढला. वर्षागणिक चढला. सावरटोल्याला जाताना आधी तो गावाच्या मागे दिसायचा, मग गावापेक्षा मोठा दिसायला लागला, आणि मग संध्याकाळी त्याची सावली तलावभर पडायला लागली. वासुदेव येताना मासळी आणायचा. ती हळूहळू लहान होत गेली, पण तो आणायचा. दर वेळी विचारायचा, “जवाईबापू, माथा कधी येते?” सर म्हणायचे, “येऊन राह्यला.” माणसं आपल्याच शब्दांवर किती दिवस जगू शकतात, याचं मला नवल वाटतं. सर निवृत्त झाले, तरी सकाळी पांढरा शर्ट घालून वर्तमानपत्र वाचायला बसायचे. शकुंतलाबाई तो शर्ट पंख्याखालीच वाळवायच्या.

मग एका पावसाळ्यात सलग झड लागली, थांबायचं नावच घेईना. मी त्या दिवशी त्यांच्याकडं होते. फोन वाजला. पेनात शाई भरताना सरांचे हात माखले होते, म्हणून त्यांनी एका बोटानं स्पीकर लावला. वासुदेवचा आवाज पावसात फाटत होता.

“जवाईबापू, डोंगर उतरला.”

“काय म्हंते?”

“डोंगर उतरला, जवाईबापू. अर्धी बाजू पुरी तलावात. पानी नाई दिसत आता, चिखल दिसते. मासोया वरतं आल्या सगळ्या. जाळे दबले. कोनी मेलं नाई.”

सरांना दुष्टपणा करायचा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. उभा जन्म ज्याची जीभ विचाराच्या आधी धावली त्याची जीभ याही वेळी आधी धावली.

“मंग मी काय सांगतलं होतं? उतरन म्हनून सांगतलं होतं ना?”

आणि ते हसले. लहानसंच, सवयीचं. वासुदेवनं ते ऐकून घेतलं. मग फोन बंद झाला. शकुंतलाबाई दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या, आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलायच्या थांबल्या. स्वयंपाक करायच्या, ताट वाढायच्या, औषधाची गोळी पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवायच्या. सर बोलत राहायचे. उत्तर येत नाही म्हटल्यावर ते अधिक बोलायला लागले. टोमणे मारून पाहिले, चिडून पाहिलं, एकदा माझ्यासमोर हातही जोडले. बाई भांडी विसळत राहिल्या.

कंपनीनं नैसर्गिक आपत्ती म्हटलं. तलावातला गाळ काढू असं म्हटलं. गावातली तरुण माणसं बाहेरगावी मजुरीला गेली.

पुढच्या उन्हाळ्यात वासुदेवच्या मुलीचं लग्न निघालं. आमंत्रण द्यायला तो स्वतः आला, सरांच्या पाया पडला. “मोठे जवाई तुमी. तुमच्याबिगर मांडव शोभत नाई.” सर इतके सुखावले की त्यांनी नवा पांढरा शर्ट शिवून घेतला. गावानं मनावर घेतलं नाही, असं ते मला दोनदा म्हणाले. मलाही तसंच वाटलं होतं. त्यांच्याच गाडीतून आम्ही गेलो.

मांडवाच्या दाराशी पाण्याचा टँकर उभा होता. पाहुणे त्याच्या तोटीवर हातपाय धूत होते. सर तिकडं वळले, तर वासुदेवनं त्यांना दंडाला धरून मधोमध आणलं. जावयाचे पाय सासरच्या माणसानं धुवायचे ही आमची रीत. पाट मांडलेला, पुढं पितळेची परात. वासुदेवनं त्यांच्या पँटच्या घड्या स्वतः वर केल्या. मग दोघं भाऊबंद एक गुंड, म्हणजे पाण्याचा मोठा हंडा, घेऊन आले, आणि वासुदेव पाणी ओतायला लागला.

ते पाणी राखाडी होतं, दाट. परातीत पडताना त्याचा आवाज पाण्याचा येत नव्हता.

“काऊन गा, वासुदेव,” सर म्हणाले, “टँकरचं सरलं का?”

“नाई नं, जवाईबापू. ते पाव्हन्याइसाठी हाये. तुमी घरचे.”

तो मन लावून धूत होता. बोटांच्या मधून, टाचेवरून, घोट्यापर्यंत. कुठंही घाई नाही, चेहऱ्यावर काही नाही.  बायका, म्हातारे, नवरदेवाकडची माणसं, सगळे बघत होते. बोरकुटे सरांच्या तासाला वर्ग जसा बघायचा तसे. मला दया यायला हवी होती. ती आली नाही, आणि आज लिहितानाही येत नाही.

पाय धुऊन झाले. वासुदेवनं त्याच गुंडातून एक लोटा भरला आणि दोन्ही हातांनी पुढं केला. “पानी घ्या.”

सरांनी लोट्याकडं पाहिलं.   मग बायकोकडं पाहिलं. शकुंतलाबाई बायकांत उभ्या होत्या, हातात ओवाळणीचं ताट. झड लागली त्या दिवसानंतर त्या पहिल्यांदाच नवऱ्याशी बोलल्या, अगदी साध्या आवाजात.

“घ्या. माह्या माहेरचं पानी हाये.”

सरांनी लोटा घेतला. डोळे मिटून, न थांबता प्यायले. गळ्याची गाठ वरखाली होताना मला दिसत होती. रिकामा लोटा त्यांनी पुढं धरला, आणि वासुदेवनं तो पुन्हा भरला.